संमतीचे दायित्व

रणांगणावर शिपायाच्या हातून जे घडते त्याचे पाप हुकूम देणाऱ्याच्या माथी जाते, अशी एक सोयीची समजूत आहे; परंतु ज्या पथकात प्रत्येकाला आधी विचारले जाते व नकाराची मुभाही असते, तेथे हे पाप कोणाच्या खाती मांडावयाचे, हा प्रश्न गेल्या महायुद्धाने उपस्थित केला.

शत्रुव्याप्त युरोपात घातपात व बंडाळी माजविण्यासाठी ब्रिटिश सरकारने 1940 च्या जुलैत एक गुप्त खाते उभारले. त्याच्या फ्रेंच शाखेची भरती जाहिरातीने होत नसे. अस्खलित फ्रेंच जाणणारी माणसे हेरून त्यांना लंडनच्या हॉटेल व्हिक्टोरियात पाचारण करीत, आणि तेथे सेल्विन जेप्सन हे कादंबरीकार गृहस्थ जिवाची जोखीम समजावून मुलाखत घेत. 1942 च्या नोव्हेंबरात त्यांच्यासमोर नूर इनायत खान बसली. पिता हजरत इनायत खान हे बडोद्यात गायकवाडांच्या आश्रयास असलेल्या मौलाबक्षांचे नातू व सूफी आचार्य. तिने स्वतः बोधिसत्त्वाच्या आत्मार्पणाच्या जातककथा मुलांसाठी इंग्रजीत लिहिलेल्या. ती तत्काळ राजी झाली.

पण सत्य हे ज्या घरचे व्रत, तेथील मुलीला असत्याची तालीम कशी मानवावी? खात्याच्या ब्यूली येथील प्रशिक्षणशाळेतील लटक्या उलटतपासणीत ती भयाने गांगरली, आणि ती या कामास योग्य असल्याविषयी दाट शंका शिक्षकांनी अहवालात नोंदविली. शाखाप्रमुख बकमास्टर यांनी त्यावर तुच्छतेचा शेरा मारला, व 1943 च्या जूनमध्ये तिला बिनतारी यंत्रचालक म्हणून फ्रान्सात उतरविले.

रणात उतरताना अर्जुनाला निदान क्षात्रधर्माचा आधार होता. नूरपाशी होती ती केवळ संमती, आणि तीही शब्दांवर विसंबून दिलेली. फ्रान्सात थोड्याच दिवसांत सहकाऱ्यांचे जाळे उद्ध्वस्त झाले, परत येण्याची संधी देऊ केली गेली, आणि सारे डोळ्यांदेखत असताना तिने ती नाकारली. माझ्या मते तिची खरी संमती हीच. ऑक्टोबरातील अटक व 13 सप्टेंबर 1944 रोजी डाखाऊच्या छावणीत गोळी घालून झालेला वध तिने या दुसऱ्या होकाराने पत्करला, असे म्हणता येईल. पहिल्या होकाराचे मात्र तसे नाही. विचारून नेमले एवढ्याने नेमणाऱ्याचे कर्म वजा होत नाही; अहवाल हाती असताना तिला धाडण्याचे दायित्व, 1949 साली मरणोत्तर जॉर्ज क्रॉस बहाल केल्यावरही, त्या खात्याकडेच राहते.