तंबाखूचा सुगंध

सुगंधासही ऋतू असतो, ही गोष्ट आपल्या वाडवडिलांस चांगली ठाऊक होती. उन्हाळ्यात वाळा व मोगरा आणि थंडीत हिना, असा अत्तरांचा क्रम ते पाळीत. त्यात शास्त्रही आहे. थंड हवेत अत्तराचे कण सावकाश उडतात. म्हणून जे जड व उबदार द्रव्य वैशाखात डोके उठवते, तेच पौषात सुखावह वाटते. गेल्या हिवाळ्यात एका जुन्या विद्यार्थ्याने परदेशाहून आणून दिलेली कुपी याच जातीची होती. तीत तंबाखूच्या पानाचा, मधाचा आणि वाळलेल्या गवताचा वास एकवटला होता. पश्चिमेस हा प्रकार नवा नव्हे. कारों या फ्रेंच पेढीने तंबाखूचे नाव धारण करणारे अत्तर 1919 सालीच काढले होते.

त्या कुपीतील दोन थेंब रुमालास लावून मी शिरूरहून दौंडास थोरल्या बहिणीकडे गेलो. भावजी रेल्वेत होते. जन्मभर कमरेस चंची आणि गालात तंबाखूचा बार. अखेर त्याच गालास व्रण झाला व त्यातच ते गेले. अक्काने त्या चंचीशी तीस वर्षे भांडण केले होते. मी ओसरीवर टेकतो न टेकतो तोच ती थबकली आणि म्हणाली, "अरे, ह्यांची चंची उघडल्यासारखं झालं." मी ओशाळून रुमाल खिशात लपवू लागलो, तो तिने मागून घेतला आणि बराच वेळ हाती धरून बसली.

ज्या पदार्थाने घात केला, त्याच्या सुवासात सुख मानणे योग्य काय, हा प्रश्न मला परतीच्या वाटेवर छळू लागला.

गंध निर्दोष आहे, असे कोणी म्हणेल. आपले न्यायशास्त्र गंधास पृथ्वीचा विशेष गुण मानते; आणि पृथ्वी चंदन व तंबाखू यांत भेद करीत नाही. शिवाय असल्या अत्तरांत पुष्कळदा पान नसतेच. वाळल्या गवताचा वास देणारे कूमारिन हे द्रव्य पर्किन या रसायनशास्त्रज्ञाने 1868 साली प्रयोगशाळेत सिद्ध केले. तेव्हा येथे दोष कोणाचा? परंतु कांट या तत्त्ववेत्त्याचा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. दृश्य नको असल्यास डोळे मिटता येतात, गंध मात्र शेजाऱ्यास घ्यावाच लागतो; म्हणून तो दुसऱ्याच्या स्वातंत्र्यावर आक्रमण करतो, असे त्याचे म्हणणे. (हा गृहस्थ स्वतः रोज सकाळी चिलीम ओढीत असे, ही गोष्ट वेगळी!) अक्काने तो वास मागितला नव्हता, मी तो तिच्या घरात नेला.

याहून कठीण बाजू निपाणीची आहे. तेथील वखारींत बायकांनी तंबाखूच्या खकाण्यात खोकत दिवस काढले. त्यांच्या जीवनावर 'युगांतर' या गटाने 1982 साली माहितीपट केला. त्याच्या आदल्या वर्षी तंबाखूस रास्त भाव मागणाऱ्या तेथील शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन माणसे मेली. त्या बायांच्या लुगड्यांस चिकटून जो वास घरी येई, त्यास कोणी सुगंध म्हटले नाही. वास त्याच पानाचा. परंतु एकीस तो मजुरीबरोबर मिळतो, दुसऱ्यास नजराणा म्हणून.

मग सुख टाकावे काय? प्रत्येक सुखाचा असा जमाखर्च मांडू लागलो, तर साखरेचा खडाही जिभेवर ठेववणार नाही. मला अक्काचे वर्तन अधिक शहाणपणाचे वाटते. तिने तंबाखूस क्षमा केली नाही आणि वासासही नाकारले नाही. दोन्ही गोष्टी तिने एकाच हातात धरल्या. सुखात पाप नाही. त्याची किंमत कोणी दिली, हे विसरण्यात आहे.

कुपी माझ्या कपाटात आहे. थंडीत कधी एकटा वाचीत बसलो म्हणजे तिचे बूच उघडतो. मात्र चारचौघांत जाताना ती लावीत नाही. रुमाल अक्काने परत दिला नाही, आणि मीही मागितला नाही.