भावंडांची निष्ठा आणि आपलेपणाची कसोटी

छळाच्या घरातून एकमेकांचा हात धरून बाहेर पडलेली भावंडे आणि अखेरीस त्यांना लाभलेले हक्काचे ठिकाण, हा किशोर-कादंबरीचा एक परिचित आकृतिबंध आहे. भावंडांची परस्परनिष्ठा आणि त्यांना लाभणारा आपलेपणा ही दोन्ही मूल्ये येथे गृहीत धरलेली असतात. ती निरपवाद मानावीत काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

पोरसवदा बहीण धाकट्यांची आई होते, तेव्हा वाचक गहिवरतो. या गहिवरात वडीलधाऱ्यांचा अपराध झाकला जाण्याचा धोका असतो. लादले गेलेले ओझे सद्गुण म्हणून गौरविले, की ते लादणाऱ्यांना जाब विचारण्याची गरज उरत नाही. या संदर्भात निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता यांची परंपरागत कथा अधिक प्रौढ ठरते. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेऊनही मुलांवरचा बहिष्कार सुटला नाही. शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणला जावे लागले. पुढे अपमानाने व्यथित होऊन ज्ञानदेवांनी ताटी लावून घेतली, तेव्हा धाकट्या मुक्तेने त्यांची समजूत काढली. येथे निष्ठा म्हणजे आज्ञापालन नव्हे. थोरल्यालाही चार शब्द सुनावण्याचा अधिकार तिच्यात अंतर्भूत आहे.

आपलेपणाचा प्रश्न याहून बिकट आहे. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याच्या अरण्यात तो विशेष तीव्रतेने उभा राहतो. हेमलकशाच्या कार्यात सहभागी झालेल्या विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी किशोरांसाठी लिहिलेली नाही. तथापि शोषणाने नाडलेला माडिया तरुण शस्त्राकडे कसा वळतो, हा तिचा विषय किशोर-कादंबरीच्या सुखान्तालाच आव्हान देतो. शीर्षकातील ‘जन्म’ हा शब्द सूचक आहे. नवा जन्म नवे गोत मागतो. समाजाने ज्याला माणूस म्हणून मोजले नाही, त्याला दलमही घर वाटू शकते. तेथे सोबती मिळतात, नवे नाव मिळते. मात्र मागे राहिलेल्या भावंडांकडे परतण्याची वाट जवळजवळ बुजते. अर्थात आपलेपणा खरा असूनही तो देणारे ठिकाण माणसाला गिळू शकते.

याच परिसरात आश्रयाचे दुसरे रूपही आहे. भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि १९७६ साली तेथे आश्रमशाळा उभी राहिली. शाळेचा आश्रयही निःशुल्क नसतो: माडिया बोलणाऱ्या मुलाला अक्षरओळख होते ती मराठीतून. घरच्या बोलीला वर्गात स्थान नसेल, तर त्याला स्वतःच्या एका अंशाचा निरोप घेऊन तेथे बसावे लागते. तरीही दलम आणि शाळा यांना एकाच तागडीत तोलणे अन्यायाचे होईल. शाळेतला मुलगा सुटीत गावी जातो, बहिणीशी माडियातच बोलतो आणि पुन्हा वर्गात येतो. हे येणेजाणे मोकळे असणे, हाच दोहोंतील नैतिक भेद होय.

म्हणून अशा कादंबरीचे मूल्यमापन करताना भावंडांना घर मिळाले की नाही, एवढ्यावर थांबता येत नाही. त्या घरात झाल्या छळाविषयी बोलता येते काय, मोठ्यांना उलट प्रश्न विचारता येतो काय आणि मागे राहिलेल्यांशी नाते टिकवता येते काय, हे पाहावे लागते. या प्रश्नांना नकार मिळत असेल, तर कादंबरी सुखान्त ठरूनही मुलांचे पोरकेपण संपलेले नसते.