कालप्रवासी आणि पुसलेला पराभव
ओझरच्या कारखान्यात मिग विमाने घडली ती संभाव्य आक्रमणासाठी. कालप्रवासाची साहसकथा मात्र घडून गेलेले आक्रमणही परतवू पाहते. आक्रमक परग्रहावरचा असो वा अफगाणिस्तानचा. तसा अधिकार कोणाला असावा? जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतील इतिहासाचे प्राध्यापक 1761 ची लढाई मराठ्यांनी जिंकलेल्या जगात पोहोचतात. विश्वासरावांना लागणारी गोळी तेथे चाटून गेली, एवढाच फरक. मात्र पंतांचा मुलगा त्या जगात शोधूनही सापडत नाही. पराभव पुसताना त्यातून घडलेली माणसेही पुसली जातात. त्यांची संमती कोणी विचारली? नारळीकरांनी पंतांना पाहुणाच ठेवले, अब्दालीला रोखण्याचे श्रेय त्यांच्या पदरी घातले नाही. रंजनप्रधान विज्ञानकथा ते नायकाला सहज बहाल करते.