बँकर

मैत्री आणि प्रेम यांच्यामध्ये नेमकी रेघ कुठे आखायची, हा प्रश्न थोरामोठ्यांना फार पूर्वीपासून पडत आला आहे. मी थोर नाही आणि मोठाही नाही. मी बँकेत कारकून आहे. बेरजेखाली रेघा ओढायचा सराव मात्र वीस वर्षांचा. तरीही परवा आमच्या भाचीनं असा एक प्रश्न विचारला की माझी पट्टीच मोडली.

भाची मुंबईला नोकरी करते, तिघी मैत्रिणींबरोबर भाड्याच्या घरात राहते. इगतपुरीला ती आली होती, पण मामाकडे नव्हे, धम्मगिरीवर, विपश्यनेला. १९७६ पासून इथे शिबिरं भरतात. आत जाताना फोन जमा करायचा आणि मौन पाळायचं. साचलेलं सगळं बोलणं अकराव्या दिवशी सकाळी आमच्या स्वयंपाकघरात मोकळं झालं. पोहे दोनदा गरम करावे लागले.

गोष्ट एका मित्राची होती.

"मित्र म्हणजे नुसता मित्र, की... तसा मित्र?" आमच्या सौ.नी विचारलं.

"मामी, तसा नाही. आणि नुसताही नाही."

आमच्या वेळी या दोहोंच्या मध्ये फक्त लग्नपत्रिका मावत असे. आता तिथे म्हणे माणसं दोन-दोन वर्षं मुक्काम करतात.

तर या मधल्या मित्राची नोकरी गेली. हिनं त्याचे अर्ज लिहून दिले, मुलाखतीची तयारी करून घेतली, त्याच्या घरभाड्याला हातभार लावला, रात्री दोन-दोन वाजता फोनवर धीर दिला. त्याला बंगळूरला झकास नोकरी लागली. मग रोजचा फोन आठवड्यावर गेला, आठवड्याचा महिन्यावर, आणि एके दिवशी फोनऐवजी फोटो दिसला. त्यात तो होता आणि दुसरी एक मुलगी होती.

"मामा, खरं सांग. माझा वापर झाला का?"

"त्याचा शेवटचा फोन कधी आला होता?"

"चार महिने झाले."

"मग संपलं! ९० दिवसांच्या वर हप्ता थकला की खातं अनुत्पादक. राइट ऑफ कर आणि मोकळी हो."

ती हसली नाही. सौ.नी माझ्याकडे असं पाहिलं की मीच अनुत्पादक ठरलो.

संध्याकाळी तिला स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडीला अवकाश होता. तेवढ्यात मुंबईहून लांब पल्ल्याची एक गाडी समोर येऊन थांबली. उतारू वड्यांवर तुटून पडले. मी भाचीला गाडीचं शेपूट दाखवलं. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंतचा थळ घाट ३७ फुटांमागे १ फूट चढतो. एवढा चढ पुढच्या इंजिनाला एकट्याला झेपत नाही, म्हणून कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लावतात. ती गाडी ढकलत इथवर आणतात, इथे सुटतात, आणि पुढच्या गाडीसाठी पुन्हा कसाऱ्याला उतरतात. त्यांना बँकर म्हणतात.

"म्हणजे तुझे भाऊबंद!" भाची म्हणाली.

"माझे नाही, तुझे. मी नुसता बँकेत आहे. ढकललंस तू."

मागे काय सुटलं याकडे एकाही उतारूचं लक्ष नव्हतं. मी संधी साधली. "बघ, गाडी वळून आभार मानत नाही. म्हणून चढलेला घाट खोटा होतो का? चढ होता, तू ढकललंस, तो वर पोचला. याला वापर नाही, मैत्री म्हणतात. २०२३ पासून शिर्डीला वंदे भारत जाते, तिच्या डब्यांखालीच मोटारी आहेत. ती बँकरशिवाय घाट चढते. पण सगळी माणसं वंदे भारत नसतात."

दृष्टांतावर मी बेहद्द खूश होतो. भाची त्या सुटलेल्या इंजिनाकडे बघत राहिली.

"मामा, इंजिनाच्या ड्रायव्हरला कसाऱ्यालाच ठाऊक असतं की इगतपुरीला सुटायचंय. मला वाटत होतं, मी पार भुसावळपर्यंत आहे. मला तसं वाटतंय हे त्याला कळत होतं. तरी चढ संपेपर्यंत तो बोलला नाही."

मी गप्प. रेघ मी सुटण्यात शोधत होतो. पोरीनं ती न बोलण्यात दाखवली. मदत घेणं हा गुन्हा नाही, वाटा वेगळ्या होणं हाही नाही. दुसऱ्याचा गैरसमज आपल्या सोयीचा आहे म्हणून तसाच राहू देणं, हा मात्र आहे.

"वापर झाला गं तुझा," मी म्हणालो. "पण तू केलंस ते खरंच होतं." ती जराशी हसली. मग तिची गाडी आली आणि गेली.

घरी येताना पाय जड झाले. इतका वेळ मी बँकरच्या बाजूनं बोलत होतो. पण बँकेच्या परीक्षेच्या वेळी एक मित्र महिनाभर रात्री जागून माझ्याकडून गणितं घटवून घेत होता. परीक्षेला बसलो दोघं. मी पास झालो, तो राहिला. तोंड कसं दाखवायचं म्हणून दोन महिने गेलो नाही. मग दोन महिने गेलो नाही याची लाज वाटून पंधरा वर्षं. म्हणजे वडा खात बसलेला उतारू मीच!

रात्री इकडून तिकडून त्याचा नंबर मिळवला आणि फोन लावला.

"बोल," तो म्हणाला. "मुलाची मुंज, की विम्याची पॉलिसी?"

"काही काम नाही रे."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "थांब, बाहेर ओट्यावर येतो. आत नीट ऐकू येत नाही."