झीज आणि इमान

जुन्या वस्तूची दुरुस्ती करताना आपण तिच्याशी इमान राखतो की तिच्याशी प्रतारणा करतो? वरवर पाहता हा कारागिराचा प्रश्न वाटतो. पण त्याचे उत्तर शोधू लागले की हत्यारे बाजूला राहतात आणि आपण नीतीच्या प्रांतात येऊन पोहोचतो. माझ्यापुढे हा प्रश्न उज्जैनला, देवास गेटजवळच्या एका लहानशा दुकानात उभा राहिला.

बसस्थानक आणि रेल्वे या दोन्हींच्या सान्निध्यामुळे या भागात सारेच जण कुठेतरी जाण्याच्या घाईत असतात. त्या गलबल्यात ॲम्प्लिफायर आणि वाद्ये दुरुस्त करणारा एक वयस्क कारागीर मात्र निवांत बसलेला असे. त्याच्यापुढे मी माझ्या दिवंगत थोरल्या भावाची बेस गिटार ठेवली. सत्तरच्या दशकातील, जपानी बनावटीची. गणेशोत्सवात चित्रपटगीतांचे कार्यक्रम करणाऱ्या वाद्यवृंदात तो ती वाजवीत असे. तो गेल्यानंतर दोन वर्षे ती पेटीत पडून होती. आता त्याच्या मुलाला ती वाजवायची होती.

कारागिराने ती उलटसुलट करून पाहिली. बेस गिटारची प्रत्येक तार ज्या धातूच्या छोट्या घोडीवरून जाते, तिची उंची दोन बारीक स्क्रूंनी कमीजास्त करता येते. हे स्क्रू गंजून आट्यांत घट्ट बसले होते. ॲलन पाना घालण्याची षट्कोनी खाचही झिजून गोल झाली होती. तारेच्या घर्षणाने पहिल्या चार-पाच फ्रेटवर खळगे पडले होते. एका खुंटीचे दाते झिजल्याने तार सुरात राहत नव्हती. आवाज कमीजास्त करण्याचे बटण फिरवले की खरखर येई, कारण त्याच्या आतील कार्बनची पट्टी झिजली होती. मग त्याने मला एक गोष्ट दाखवली. घोड्यांवरचा गंज सर्वत्र सारखा नव्हता. जाड तारांच्या बाजूला तो अधिक होता. वाजवणारा उजव्या हाताचा तळवा तेथे टेकवून तारांचा नाद दाबीत असला पाहिजे, असे तो म्हणाला. घामातील मीठ वर्षानुवर्षे मुलामा खात गेले होते.

माझ्या भावाला त्याने कधी पाहिले नव्हते. पण त्याची बसण्याची, हात ठेवण्याची लकब त्याने गंजावरून ओळखली होती. आणि आता तोच गंज काढून टाकायचा होता.

जुन्या वाद्यांचा संग्रह करणाऱ्या एका परिचितांनी आधीच बजावले होते की, कशालाही हात लावू नका. मूळ भाग, मूळ डाग, मूळ तारा यांनाच किंमत असते. एक डाग नव्याने दिला तरी ती घसरते. हे खरेही आहे. अमेरिकी गिटारींच्या आतील अशा बटणांवरचे आकडे वाचून ती कोणत्या वर्षी, कोणत्या आठवड्यात तयार झाली हे जाणकार सांगतात. भाग बदलला की तेवढा पुरावा नाहीसा होतो. हे मी पुतण्याला सांगितले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "काका, ती वाजतच नसेल तर बाबांची कशी?"

तत्त्वज्ञानाला हा पेच जुनाच आहे. फळ्या बदलत गेलेले थीसियसचे जहाज तेच राहते का, असा वाद अथेन्समध्ये होता. आपल्याकडे 'मिलिंदपञ्हो'त नागसेन राजाला विचारतो की, आस, चाके, जू यांपैकी रथ नेमका कोणता? यांतला कोणताही भाग रथ नव्हे आणि भागांवाचूनही रथ नव्हे. पण या उत्तराने माझे समाधान होईना. रथाच्या चाकाविषयी कुणाला माया नव्हती. मला मात्र गंजलेल्या स्क्रूंविषयी होती.

उजेड पडला तो तंबोऱ्याच्या विचाराने. देवास गेटहून सुटणाऱ्या गाड्या ज्या देवासला जातात, तेथे १९४८ पासून १९९२ मधील निधनापर्यंत कुमार गंधर्वांचे वास्तव्य होते आणि तंबोऱ्यांविषयीची त्यांची काटेकोर दृष्टी प्रसिद्धच आहे. तंबोऱ्याची घोडी तारांनी चिरत जाते, नाद बोथट होतो. मग कारागीर तिचा पृष्ठभाग कानशीने घासून जवारी पुन्हा काढतो. मिरजेच्या कारागिरांच्या पिढ्या हे काम करीत आल्या आहेत. तेथील सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण प्रत्येक जवारीबरोबर घोडी थोडी कमी होते. बेस गिटारच्या फ्रेटचेही तसेच आहे. खळगे काढायचे तर सगळे फ्रेट सर्वांत खोल खळग्याच्या पातळीपर्यंत घासावे लागतात. म्हणजे दुरुस्ती हीसुद्धा एक झीजच आहे. फरक इतकाच की ती जाणून-बुजून, नादासाठी पत्करलेली असते. कोणताही गवई जुनी घोडी अबाधित राहावी म्हणून बेसूर तंबोऱ्यावर गात नाही.

याउलट उदाहरणही डोळ्यांसमोर आहे. १९९५ पासून फेंडर कंपनीने कोऱ्या गिटारींवर मुद्दाम ओरखडे, उडालेला रंग आणि डागाळलेले धातूचे भाग घडवून त्या विकायला सुरुवात केली. कुणीही न वाजवलेल्या वाद्याला वाजवल्याची खूण! विकणारा ते उघडपणे सांगतो, म्हणून त्याला फसवणूक म्हणता येत नाही; पण आपल्याला झिजेविषयी किती ओढ आहे आणि झिजण्याचा किती कंटाळा आहे, हे त्यातून दिसते. जॅको पास्टोरियसची १९६२ची फेंडर जॅझ बेस याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. तिचे फ्रेट काढलेले, पट्टीवर नावांना देतात तसा इपॉक्सीचा लेप, पुढे तुकडे झाल्यावर कारागिरांनी सांधलेली. १९८६ मध्ये ती न्यूयॉर्कला चोरीस गेली, पुढच्याच वर्षी तो वादकही गेला आणि सुमारे वीस वर्षांनी ती सापडली. अशा वाद्याची ओळख कारखान्यातील मूळ रूपावरून कशी पटणार? तिची मोडतोड आणि तिचे सांधे हीच तिची ओळख.

तेव्हा इमान मूळ भागांशी नसते, असे मला वाटू लागले. ते असते वस्तूच्या कामाशी आणि घडलेल्या गोष्टीच्या सत्याशी. कामासाठी आवश्यक तेवढेच बदलावे, कारण प्रत्येक दुरुस्ती काहीतरी खाते. आणि जे बदलले ते लपवू नये. झीज नसताना ती रंगवणे आणि झीज झालेली असताना ती झाल्याचेच नाकारणे, ही एकाच असत्याची दोन रूपे होत. मी भावाचा गंज जपू पाहत होतो. पण तो गंज वाजवण्यातून आला होता. वाजवणे थांबवून तो जपणे म्हणजे कारण मारून खूण पुजणे होते.

कारागिराने स्क्रूंना तेल देऊन चार दिवस ठेवले, सोल्डरच्या टोकाने हलकी ऊब दिली. त्यातले पाच सुटले, तिघांना छिद्र पाडून काढावे लागले. घोड्या त्याच राहिल्या. स्क्रू, एक खुंटी आणि बटण तेवढे नवे आले. फ्रेट त्याने अगदी थोडे घासले. पुढच्या वेळेसाठी धातू शिल्लक ठेवला आहे, असे तो म्हणाला. जुने भाग त्याने न विचारताच काडेपेटीत घालून माझ्या हाती दिले. ती पेटी गिटारच्या खोक्यातच आहे. आत काय बदलले आणि कधी, याची चिठ्ठी मी लिहून ठेवली आहे.

पुतण्याही तळवा तेथेच टेकवतो. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसून ठेव, असे मी त्याला सांगत असतो, तो विसरतो. मी फार आग्रह धरीत नाही.