अर्जातील स्वधर्म

१९१८ साली उर्दू माध्यमाचे म्हणून स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात १९५४ मध्ये वृत्तपत्रविद्येचा विभाग निघाला. आज त्याच हैदराबादेत पदवीसाठी अर्ज भरणाऱ्या मुलापुढे वृत्तलेखन, दूरचित्रवाणी, जाहिरात आणि जनसंपर्क अशा शाखा एकाखाली एक मांडलेल्या असतात, आणि त्या जणू एकाच जातीच्या आहेत असा समज तो कागद करून देतो. अशा वेळी वडीलधारी मंडळी हटकून गीतेतील स्वधर्माची आठवण देतात. (त्यांचा हेतू बहुधा मुलाला धाडसापासून परावृत्त करण्याचा असतो, ही बाब वेगळी.) परंतु अर्जुनाला स्वधर्म निवडावयाचा नव्हता, तो त्यास जन्मतःच प्राप्त होता, आणि तो पाळावा की टाकावा एवढाच त्याचा प्रश्न होता. ज्यास जन्माने कोणताच व्यवसाय चिकटलेला नाही, त्याने काय करावे? रुची प्रमाण मानावी, तर अठराव्या वर्षीची रुची पुष्कळदा उसनी असते.

शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर मनुष्यांचेही ऋण सांगितले आहे. शाखेची निवड मला या चौथ्या ऋणाची निवड वाटते. बातमीदार हा अनोळखी वाचकाचा ऋणकरी. जनसंपर्क अधिकारी, ज्याची चाकरी पत्करली त्याचा. वकील पक्षकाराशी एकनिष्ठ राहतो तशी ही दुसरी निष्ठाही सचोटीने पाळता येते, तिला हीन लेखण्याचे कारण नाही. मात्र दोन्ही धनको एकाच वेळी दारात उभे राहिले म्हणजे एकाला परत पाठवावेच लागते.

‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी निजामाच्या राजधानीत राहून रझाकारांवर, म्हणजे त्याच्या पाठीराख्या मुस्लिम स्वयंसेवक दलावर, टीका केली, भारतातील विलीनीकरणाचा पुरस्कार केला, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी परतताना त्यांचा खून झाला. मारेकऱ्यांनी त्यांचा हातही तोडला. पुढच्याच महिन्यात निजामाची सत्ता संपली. जन्मावरून स्वधर्म ठरवावयाचा, तर शोएबुल्लाही मुसलमानच, तेव्हा रझाकारही त्यांच्यावर हक्क सांगू शकले असते. शोएबुल्लांनी तो हक्क मानला नाही, आपला धनको स्वतः ठरवला.

म्हणून प्रवेशाच्या मुलाखतीत ‘तुला काय आवडते?’ असे न विचारता ‘तुझा मजकूर खोटा ठरला तर माफी कोणाची मागशील?’ असे विचारावे. ज्याला उत्तर सुचणार नाही त्यास वर्षभर सर्व शाखांत हिंडू द्यावे. नियमात तशी सवलत नसल्यास ती करून देणे हे विद्यापीठाच्या दफ्तराचे काम आहे.