आठव्या वचनापाशी

मार्ककृत शुभवर्तमान मुळात सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनापर्यंतच होतं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत पुढची बारा वचनं नाहीत. मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे कबरेकडे जातात. धोंड लोटलेली असते. पांढरा झगा घातलेला तरुण सांगतो, येशू उठला आहे, जाऊन शिष्यांना आणि पेत्राला कळवा. त्या थरथरत पळून जातात आणि भीतीपोटी कोणाशी काही बोलत नाहीत. मार्क इथेच थांबला की शेवटचं पान हरवलं, याचा वाद अजून मिटलेला नाही.

माझी मुलगी सेमिनरीत शिकते. संध्याकाळच्या उपासनेत तिने हे सांगितलं तेव्हा दादा अस्वस्थ झाला. "देवाच्या वचनातून काही काढू नये, हे प्रकटीकरणाच्या शेवटी बजावलंय," तो म्हणाला. ती म्हणाली, "मामा, काढत कोणीच नाही. कुठलं केव्हा आलं, एवढंच बघायचं." दादाची कळकळ खरी आहे. आमचे बाबा पाळक होते. बायबल उघडण्याआधी ते हात धूत. त्या घरात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न झोंबणारच.

पण पुनरुत्थानावरचा विश्वास त्या बारा वचनांवर टेकलेला नाही. मार्कच्या आधी, येशूच्या मृत्यूला पुरती तीस वर्षंही झाली नव्हती तेव्हा, पौलाने करिंथच्या मंडळीला उठलेला प्रभू कोणाकोणाला दिसला ते लिहून कळवलं होतं, आणि तेही आपल्याला इतरांकडून मिळालेली साक्ष म्हणून. अभ्यासाने माझ्या श्रद्धेला जमीन दिली, ती अशी.

अभ्यास म्हणजे विश्वासावरचं परकं आक्रमण, असं आपल्या मंडळ्यांतून कोणी म्हणालं की मला केडगावच्या पंडिता रमाबाई आठवतात. बायबल मराठीत आणण्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. 1921 साली एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी त्यांनी ते काम सोडलं नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. मूळ पाठापर्यंत जाण्याचे ते कष्ट मला प्रार्थनेहून वेगळे वाटत नाहीत.

आई गेली त्या वर्षी ईस्टरच्या गीतांना माझा आवाज साथ देईना. मंडळीतली माणसं मायेनेच म्हणत, "ती प्रभूजवळ आहे, रडू नकोस." माझा त्यावर विश्वास होता आणि तरी मला भीती वाटत होती. तेव्हा मार्कच्या या तीन बायकांनी मला धीर दिला. सुवार्ता कानांवर पडली, तरी त्यांची भीती गेली नाही. त्यासाठी मार्क त्यांना कुठेही दोष देत नाही. आणि त्या गप्प राहूनही सुवार्ता थांबली नाही, नाहीतर ती आमच्यापर्यंत पोचलीच नसती.

आता ईस्टरला आम्ही आधी आठव्या वचनापर्यंत वाचतो आणि ज्याच्या मनात जे भय असेल ते त्याने बोलायचं, असं ठरलं आहे. मग दादा उरलेली बारा वचनं वाचतो, पहिल्या शतकांतल्या मंडळीची साक्ष म्हणून. मला दोन्ही हवी आहेत. ज्या घरात भीती बोलून दाखवता येते, तिथेच मुलं आपला विश्वासही न लपवता सांगतात, असं मला ठामपणे वाटतं.